पानाखालची बेरीज

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘इंजिनाच्या संगणकातील फाइल आणि चेकसमच्या अडचणी’ असा छापला आहे आणि मी त्यावर बोलणारच आहे. परंतु त्याआधी आपल्याला लातूरच्या मोंढ्यात जावे लागेल, कारण चेकसम म्हणजे काय हे मला कोणत्याही मॅन्युअलने नव्हे, तर वडिलांच्या आडत दुकानातल्या मुनीमकाकांनी शिकवले.

मुनीमकाका रोजमेळाच्या प्रत्येक पानाखाली बेरीज मांडत आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ असे लिहून ती उतरवून घेत. मी तेव्हा आठवीत होतो. एके दुपारी हमालीच्या रकान्यातला ५१ मधला एकचा आकडा मला नऊसारखा दिसला, म्हणून अक्षर सुधारण्याच्या सद्‌हेतूने मी त्याचा ठसठशीत ५९ केला. संध्याकाळी गल्ल्याशी मेळ बसेना. काकांनी एकही नोंद वाचली नाही, त्यांनी फक्त पानाखालच्या बेरजा पुन्हा करून पाहिल्या आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “या पानाला कोणीतरी हात लावलाय.” कोणत्या ओळीला लावला हे बेरजेवरून कळत नव्हते, लावणाऱ्याचा चेहरा मात्र समोरच होता.

याच काकांची दुसरी विद्याही सांगतो, कारण सभागृहात आयकर खात्याचे कोणी नसावे. दोन-चार रुपयांचा फरक काही केल्या सापडला नाही, की ते ‘किरकोळ खर्च’ अशी ओळ घालून बेरीज जुळवून टाकत. वही जुळायची, पण त्या ओळीपुरती ती खोटी असायची. या किरकोळ खर्चाकडे मी परत येणार आहे.

इंजिनाच्या संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे, असेच आहे. बॉशच्या ईडीसी १५ पिढीतल्या अनेक डिझेल ईसीयूंची फाइल ५१२ केबींची असते. इंधन, टर्बोचा दाब आणि टॉर्कची मर्यादा यांचे तक्ते तिच्यात असतात. फाइलच्या ठरावीक पट्ट्यांतल्या आकड्यांवरून काढलेले उत्तर, म्हणजेच चेकसम, त्याच फाइलमध्ये ठरलेल्या जागी लिहिलेले असते. ईसीयू ते पुन्हा काढून ताडून पाहतो आणि जुळले नाही तर काही गाड्यांत पी०६०१ हा बिघाडाचा कोड येतो, काहींत गाडी सुरूच होत नाही.

हा दुसरा प्रकार मी अनुभवला आहे. उदगीरहून आलेल्या एका डिझेल कारची फाइल मी बदलली, चेकसम दुरुस्त केला आणि नंतर धूर थोडा कमी व्हावा म्हणून तक्त्यातली एकच चौकट पुन्हा बदलून तशीच गाडीत भरली. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हते. मालकांना त्याच दिवशी सासुरवाडीला जायचे होते. मी त्यांना “बॅटरी उतरली असावी” असे सांगितले, याची मला आजही लाज वाटते. मूळ फाइल जपून ठेवलेली होती, ती परत भरली आणि गाडी सुरू झाली.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय आत्ता सुरू होतो आहे, तेव्हा भरभर सांगतो.

साधी बेरीज भोळी असते. ३२०, ३४० आणि ३३० यांची बेरीज ९९०. पहिल्या दोघांची अदलाबदल केली तरी ९९०च. सीआरसी पद्धतीत आकड्यांचा क्रमही मोजला जातो, त्यामुळे अशी अदलाबदल तिथे जवळजवळ नेहमीच पकडली जाते. सोळा बिटांची बेरीज ६५,५३६ ला पोहोचली की पुन्हा शून्यापासून सुरू होते, हेही हाताने ताळा करताना विसरू नये. उत्तराचे दोन बाइट ईडीसी १५ मध्ये धाकटा (कमी किमतीचा) आधी आणि त्यापुढच्या ईडीसी १६ पिढीत थोरला आधी, असे लिहिलेले असतात; हा क्रम चुकला तर बरोबर काढलेले उत्तरही चुकीचे ठरते. एका फाइलमध्ये अनेक पट्टे असतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या पट्ट्यात पडत असेल, तर आतला आधी दुरुस्त करावा लागतो.

काही ईसीयूंमध्ये लिहिलेली बेरीज तशीच ठेवून रिकाम्या जागेतले बाइट बदलून हिशेब जुळवता येतो. हाच तो किरकोळ खर्च. जनरल मोटर्सच्या काही जुन्या अमेरिकन ईसीयूंत तर फाइलमधल्या आठव्या पत्त्यावर ‘एए’ हा बाइट लिहिला की तपासणीच बंद होते. म्हणजे मुनीमच रजेवर.

माझी खरी तक्रार ‘चेकसम ओके’ या हिरव्या अक्षरांबद्दल आहे. ट्यूनरप्रोसारख्या सॉफ्टवेअरला पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि उत्तर कुठे लिहायचे, हे एक्सडीएफ नावाची व्याख्या-फाइल सांगते. ती दुसऱ्या आवृत्तीची असेल तर सॉफ्टवेअर भलत्याच पानाची बेरीज करते, ती भलत्याच ओळीवर लिहिते आणि वर ‘ओके’ म्हणते. म्हणून गाडीतून वाचलेली फाइल काहीही न बदलता आधी तपासावी. तीच चूक दाखवत असेल, तर वाचन अर्धवट झाले आहे, नाहीतर व्याख्या चुकीची आहे, नाहीतर फाइलला आधीच कोणाचा तरी हात लागला आहे. अशा वेळी पुढे एकही चौकट बदलू नये.

नव्या ईसीयूंपैकी अनेकांत बेरजेवर आरएसए पद्धतीची डिजिटल सहीही असते. बेरीज कोणालाही करता येते, मालकाची सही करता येत नाही. तिथे घरगुती सॉफ्टवेअरची ‘दुरुस्ती’ बहुधा गाडी बंद पाडते.

दुसरी चिठ्ठी आली. ज्यांनी पेनड्राइव्हवर फाइल आणली आहे त्यांनी चहाच्या वेळी भेटावे आणि गाडीतून पहिल्यांदा वाचलेली मूळ फाइलही सोबत आणावी. ती ज्यांनी पुसून टाकली असेल, त्यांना मी फक्त चहा देऊ शकेन.