मिनिटांचा हिशोब : व्हिक्टर वेम्बान्यामा

[दृश्य : रिकामं मैदान. कॅमेरा जमिनीवरून सरळ वर, रिंगपर्यंत.]

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. मोठ्यांच्या सामन्यात जगात कुठंही हे अंतर बदलत नाही. एनबीए या अमेरिकी लीगमध्ये खेळणाऱ्या फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामानं टाचा न उचलता हात वर केला, की त्याची बोटं आणि रिंग यांच्यात काही इंच उरतात. उंची ७ फूट ४ इंच. दोन्ही हात पसरले तर टोकापासून टोकापर्यंत सुमारे ८ फूट.

त्याच्यावरचे बहुतेक व्हिडिओ एवढं सांगून संपतात. खरा प्रश्न पुढे आहे. सात फुटांवरचे खेळाडू एनबीएनं याआधीही पाहिलेत, आणि त्यातल्या अनेकांना पायांनी दगा दिलेलाही पाहिलाय. चीनचा याओ मिंग ७ फूट ६ इंचांचा. पायाच्या हाडांना पुन्हापुन्हा तडे गेले आणि २०११ मध्ये, तिशीतच, त्यानं खेळ सोडला. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेलेला ग्रेग ओडेन गुडघ्यांपायी मागे पडला. २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला चेट होल्मग्रेन पायाच्या दुखापतीमुळं पहिला अख्खा मोसम बाहेरच होता.

यात नुसतं नशीब वाईट, असं नाही. उंची वाढते तसं वजन वाढतं, पण तळपायाची हाडं त्या हिशोबानं जाड होत नाहीत. उडीवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार क्षणभर तळपायाच्या कमानीवर येतो. एका सामन्यात अशा कितीतरी उड्या. हाडाला भरून यायला वेळ मिळाला नाही, तर केसाएवढा तडा जातो. तो सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून खेळाडू खेळत राहतो आणि तडा वाढत जातो.

म्हणून वेम्बान्यामाची वाटचाल सांगायची तर गुणांआधी मिनिटं मोजायला हवीत. तो किती खेळला, आणि त्याला किती वेळा मुद्दाम खेळवलं नाही, हे पाहायला हवं.

[दृश्य : पॅरिसच्या पश्चिमेची उपनगरं, लोकल गाडीच्या खिडकीतून.]

जन्म ४ जानेवारी २००४, व्हर्सायजवळच्या ल शेनेचा. आई बास्केटबॉल खेळलेली आणि मुलांना शिकवणारी, वडील तिहेरी उडीतले. लहानपणी थोडं ज्युदो, थोडं फुटबॉल, तेही गोलरक्षक म्हणून. दहाव्या वर्षी तो नान्तेरच्या क्लबमध्ये आला.

वर्गातल्या सगळ्यात उंच पोराला प्रशिक्षक सहसा रिंगखाली उभं करतात. चेंडू वर आला की पकड, घाल, परत पळ. सामने जिंकायला हे सोपं पडतं, पण त्या पोराचं शिक्षण तिथंच थांबतं. वेम्बान्यामाला चेंडू हाताळू दिला, बाहेरून नेम धरू दिला, चुका करू दिल्या. आज तो जे करतो त्याची मुळं तिथं आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये, पंधराव्या वर्षी, युरोकप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत तो नान्तेरच्या मोठ्यांच्या संघाकडून मैदानात उतरला.

उंच माणसाला ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, का अवघड जातं, ते बघा. कमरेच्या उंचीवरून टाकलेला चेंडू जमिनीवर आपटून परत हाताशी येईपर्यंत कुणाच्याच ताब्यात नसतो. चेंडू हाताळणाऱ्या सहा फुटी गार्डसाठी हा काळ अगदी थोडा. ज्याची कमरच इतकी वर, त्याच्यासाठी तो लांबतो, आणि तेवढ्यात खालून एखादा चपळ हात चेंडू मारून नेतो. उपाय एकच, गुडघ्यात वाकून चेंडू खाली ठेवणं. पण साडेसात फुटांच्या आसपासचं शरीर सतत वाकवून ठेवायचं तर नितंब, घोटे आणि पाठीचा खालचा भाग तेवढा सैल आणि तेवढाच ताकदवान लागतो. त्यामुळं त्याच्या सरावात अनवाणी व्यायामाला मोठी जागा आहे : पायाच्या बोटांची ताकद, घोट्यांची लवचिकता, हातापायांवर रांगत पुढं सरकणं. बघायला पोरखेळ वाटतो. त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम कदाचित हेच असेल.

[दृश्य : २०२१, लाटव्हिया. १९ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना.]

फ्रान्सविरुद्ध अमेरिका, समोर तोच चेट होल्मग्रेन. वेम्बान्यामाचे २२ गुण, ८ रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू पकडणं), ८ ब्लॉक (समोरच्यानं रिंगकडे टाकलेला चेंडू हवेत अडवणं). आणि पाच फाउल. आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर. शेवटची मिनिटं त्यानं बाकावरून पाहिली आणि फ्रान्स ८१–८३ असा हरला. हात कितीही लांब असले तरी ते कधी आवरायचे हे कळायला हवं, एवढा धडा त्या दोन गुणांनी दिला.

पुढचा मोसम अॅस्वेलमध्ये. लिऑनजवळच्या व्हिलरबानचा हा क्लब, अध्यक्ष तेव्हा फ्रान्सचा माजी एनबीए खेळाडू टोनी पार्कर, सोबत युरोलीगसारखी युरोपातल्या क्लबांची कडक स्पर्धा. कागदावर याहून चांगली जागा नव्हती. पण सामन्यांची दाटी, प्रवास, त्यात एकामागून एक दुखापती. मोसमाच्या शेवटी मांडी वर उचलणारा, पोटाच्या आत खोलवर असलेला सोआस स्नायू दुखावला आणि क्लब फ्रान्सचा विजेता होत असताना तो बाहेर होता.

इथं त्यानं घेतलेला निर्णय अनेकांना उलटा वाटला. युरोलीग सोडून तो मेट्रोपॉलिटन्स ९२ या पॅरिसलगतच्या क्लबमध्ये गेला. प्रशिक्षक व्हॅन्साँ कोले, म्हणजे तेव्हाचे फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचेच प्रशिक्षक. युरोलीग नाही, म्हणजे आठवड्याला सामने कमी. दोन सामन्यांच्या मधले दिवस वजन उचलायला, नेमबाजीला, झोपेला. आणि मैदानावर खेळ त्याच्याभोवती रचलेला. त्या मोसमात फ्रेंच लीगच्या साखळीतले ३४ च्या ३४ सामने तो खेळला. सरासरी २१.६ गुण, १०.४ रिबाउंड, ३ ब्लॉक. तिन्हींत लीगमध्ये पहिला. मला विचाराल तर त्या ओळीतला सगळ्यात मोठा आकडा ३४ आहे.

अमेरिकेला त्याची ओळख मात्र आधीच झाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये लास व्हेगासलगतच्या हेंडरसनमध्ये जी लीग इग्नाइट या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या तरुण संघाविरुद्ध दोन प्रदर्शनीय सामने झाले. पहिल्यात ३७ गुण, त्यात सात थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन गुणांचे नेम. दुसऱ्यात ३६. गॅलरीत एनबीएच्या संघांची माणसं वह्या घेऊन बसलेली.

[दृश्य : ड्राफ्ट लॉटरीचे चेंडू.]

एनबीएत नव्या खेळाडूंची पहिली निवड कुणी करायची, हे तळाच्या संघांमध्ये सोडतीनं ठरतं. २०२३ मध्ये तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४ टक्के संधी होती. सोडत सॅन अँटोनियो स्पर्सला लागली. याआधी पहिली निवड त्यांच्याकडे १९८७ मध्ये आली तेव्हा डेव्हिड रॉबिन्सन मिळाला, १९९७ मध्ये टिम डंकन. दोघंही उंच, दोघंही पुढे विजेते. जूनच्या मध्यावर वेम्बान्यामा फ्रेंच लीगची अंतिम फेरी मोनॅकोकडून ०–३ हरला. शेवटचा सामना रोलाँ गॅरोसच्या टेनिस कोर्टावर फळ्या टाकून झाला. आठवड्याभरात, २२ जूनला, ब्रुकलिनमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं. करार चार वर्षांचा, सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा.

मग खेळच बदलला. फ्रान्समध्ये सामना ४० मिनिटांचा, एनबीएत ४८. तिकडे साखळी तेव्हा ३४ सामन्यांची, इथं ८२. थ्री-पॉइंट रेषा तिकडे ६.७५ मीटरवर, इथं समोरून ७.२४. पण उंच बचावपटूला सगळ्यात जास्त नडतो तो तीन सेकंदांचा नियम. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये बचावपटू रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. एनबीएत तिथं हाताच्या अंतरावर कुणी प्रतिस्पर्धी नसेल, तर तीन सेकंदांत पट्ट्याबाहेर यावंच लागतं. नाहीतर समोरच्याला एक फुकटचा थ्रो, आणि चेंडूही त्यांच्याकडेच. म्हणजे राखणदारानं दारात ठाण मांडायचं नाही, सतत आत-बाहेर करायचं. शिवाय रिंगवर आपटलेला चेंडू रिंगच्या वर असताना एनबीएत हात लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत लावता येतो. वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागते.

सुरुवात २५ ऑक्टोबर २०२३ ला डॅलसविरुद्ध, १५ गुण. आठ दिवसांनी फिनिक्सविरुद्ध ३८. आणि मग संघाची घसरगुंडी : सलग १८ पराभव, स्पर्सच्या इतिहासातली सगळ्यात लांब मालिका.

काय चुकत होतं? प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी वेम्बान्यामाला सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळच्या मुख्य उंच खेळाडूच्या, जागी न खेळवता झॅक कॉलिन्स या सेंटरसोबत पॉवर फॉरवर्ड म्हणून, म्हणजे त्याच्या जोडीला, ठेवलं होतं, म्हणजे दणकट सेंटरचे धक्के त्याला खावे लागू नयेत. हेतू योग्य होता. पण दोन उंच माणसं एकत्र आली की रिंगजवळची जागा आटते, आत घुसायला वाट राहत नाही. त्यातच जेरेमी सोहान या फॉरवर्डला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वाटणारा खेळाडू, म्हणून खेळवण्याचा प्रयोग चालू होता. उंच माणसाला चेंडू वेळेवर आणि बरोबर उंचीवर मिळाला पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला तरी बचाव जमा होतो. ८ डिसेंबरला शिकागोविरुद्ध वेम्बान्यामा सेंटर म्हणून सुरुवातीपासून उतरला : २१ गुण, २० रिबाउंड. जानेवारीत ट्रे जोन्स हा पक्का पॉइंट गार्ड सुरुवातीच्या पाचांत आला, आणि पास हवेत तिथं पडू लागले.

दरम्यान एक क्षुल्लक अपघात. डिसेंबरच्या शेवटी डॅलसमध्ये सामन्याआधीच्या सरावात त्याचा पाय चेंडू गोळा करणाऱ्या मुलाच्या पायावर पडला आणि घोटा मुरगळला. त्यानंतर स्पर्सनं त्याची मिनिटं बांधून दिली, आणि लागोपाठच्या रात्री सामने असले की त्यातल्या एकात तो बसू लागला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक चिडले, हे साहजिकच. पण याच बंधनात, १० जानेवारी २०२४ ला डेट्रॉइटमध्ये, त्यानं २१ मिनिटांत १६ गुण, १२ रिबाउंड आणि १० असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले.

[दृश्य : एकच ब्लॉक, संथ गतीत, तीनदा.]

हा ब्लॉक नीट पाहू. हल्ला करणारा उजवीकडून आत येतोय. वेम्बान्यामा त्याच्याकडे धावत नाही, दोन पावलं मागे, रिंगच्या बाजूला थांबतो. पहिल्या हुलकावणीला त्याचे पाय जमिनीवरच. समोरच्याच्या हातून चेंडू सुटल्यावरच तो हलतो. एवढ्या उशिरा निघून चेंडू गाठणं इतरांना जमत नाही. त्याच्या हाताची लांबी तेवढी उधारी देते. आणि तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नाही, तळव्यानं आपल्याच माणसाकडे ढकलतो. प्रेक्षकांत गेलेला चेंडू समोरच्याच संघाला परत मिळतो, हे टाळ्यांच्या गडबडीत विसरलं जातं. आकडेवारीत न येणारी गोष्ट वेगळीच : त्याला पट्ट्यात बघून कितीतरी गार्ड आत येता येता वळतात आणि चेंडू बाहेर देतात.

पहिल्या मोसमात ७१ सामने, सामन्यामागे तीस मिनिटांच्या किंचित आत. २१.४ गुण, १०.६ रिबाउंड, आणि ३.६ ब्लॉक, लीगमध्ये सर्वाधिक. सर्वोत्तम नवोदित एकमतानं. मोसमातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या एनबीएनं निवडलेल्या पहिल्या संघात नवोदित खेळाडू येण्याची ही पहिलीच वेळ. खटकणारा आकडाही याच तक्त्यात आहे : सामन्यामागे ३.७ टर्नओव्हर, म्हणजे समोरच्यांना गमावलेले चेंडू. त्या उंच ड्रिबलची किंमत. आणि स्पर्सचा हिशोब? २२ विजय, ६० पराभव.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात त्यानं अमेरिकेविरुद्ध २६ गुण केले. फ्रान्स ८७–९८ हरला, रौप्य मिळालं. पुढच्या मोसमात वॉशिंग्टनविरुद्ध ५० गुण, नाताळला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ४२. सरासरी २४.३ वर गेली. सामन्यामागे नऊच्या आसपास थ्री-पॉइंट प्रयत्न आणि त्यातले ३५ टक्के आत.

[दृश्य : रिकामी खुर्ची नको. फक्त तारीख : २० फेब्रुवारी २०२५.]

उजव्या खांद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. पायांची एवढी काळजी घेतली आणि संकट खांद्यातून आलं. अशा गुठळीवर रक्त पातळ ठेवणारी औषधं काही महिने द्यावी लागतात. ती चालू असताना साधा कोपर लागला तरी आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही, त्यामुळं धक्काबुक्कीचा खेळ बंदच. मोसम ४६ सामन्यांवर थांबला. एनबीएच्या मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने लागतात, त्यामुळं सर्वोत्तम बचावपटूच्या शर्यतीतूनही तो बाद. तरी एकूण ब्लॉक १७६, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक.

त्या मोसमात संघही बदलत होता. पोपोविच यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. मे २०२५ मध्ये ते पायउतार झाले आणि मिच जॉन्सन मुख्य प्रशिक्षक झाले. जुलैत वेम्बान्यामाला खेळायची परवानगी मिळाली.

२२ ऑक्टोबर २०२५, पुन्हा डॅलस. ४० गुण, १५ रिबाउंड, टर्नओव्हर शून्य. खांदे भरलेले, चेंडू पूर्वीपेक्षा खाली. स्पर्सनं पहिले पाचही सामने जिंकले. सहावा फिनिक्समध्ये. तिथं तो ९ गुणांवर अडकला आणि संघ मोसमात पहिल्यांदा हरला. त्याला रोखायची पद्धत जुनीच आहे : उंचीच्या नादी न लागता त्याच्या कमरेखाली ठाण मांडून रेटायचं, चेंडू खाली येताच दुसरा माणूस धाडायचा.

नोव्हेंबरच्या मध्यावर पोटरीचा स्नायू ताणला आणि डझनभर सामने गेले. १३ डिसेंबरला लास व्हेगासमध्ये एनबीए कप या मोसमातल्याच वेगळ्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता, समोर ओक्लाहोमा सिटी, मोसमात तोवर एकदाच हरलेली. होल्मग्रेनही त्यांच्याकडेच. जॉन्सन यांनी वेम्बान्यामाला सुरुवातीच्या पाचांत ठेवलं नाही. पहिला क्वार्टर तो बाकावर बसून होता. पूर्ण सामन्यात मिळाली २१ मिनिटं, गुण २२. स्पर्स १११–१०९ नं जिंकले.