गोड ग्लास आणि पाठांतर

(दृश्य : लातूर, ट्यूशन एरिया. रात्री क्लास सुटल्यावरची टपरी.)

चमचा काट्यावर ठेवलाय, आकडा बघा. सपाट भरला तर साखर चार-पाच ग्रॅम, शिगोशीग भरला तर सहा-सात. २५० मिली कोलात मात्र सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. बाटलीवर छापलेला आकडा असतो १०० मिलीचा, त्याला अडीचनं गुणायचं. नेमकं इथंच फसायला होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची साखरेची मर्यादा दिवसाला २००० कॅलरीच्या आहारात ५० ग्रॅम, जमलं तर २५.

(दृश्य : अभ्यासिका. टेबलावर दोन सारखे ग्लास, रक्तातली साखर मोजायचा ग्लुकोमीटर.)

साखर घेतल्यानं जास्त लक्षात राहतं का, हे तपासायची रीत ठरलेली आहे. रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी. डायबेटीस असलेल्यांना यात घ्यायचं नाही. सकाळी हात धुऊन, कोरडे करून मगच बोट टोचायचं. बोटाला साखर चिकटली असेल तर मीटर भलताच आकडा दाखवतो. एका ग्लासात २५ ग्रॅम ग्लुकोज, दुसऱ्यात तेवढ्याच गोडीचं सॅकरिन, म्हणजे साखर नसलेली कृत्रिम गोडी. दोन्हींत लिंबू पिळायचं, नाहीतर सॅकरिनची कडवट चव लगेच ओळखू येते. कोणता ग्लास कशाचा, हे पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि शब्द वाचणाऱ्यालाही नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी १५ सुटे शब्द, सेकंदाला एक. विहीर, कात्री, पाऊस, पाटी... यादी पाच वेळा वाचायची, दरवेळी आठवतील ते शब्द लिहून घ्यायचे. मग अर्धा तास आकडेमोड, आणि यादी पुन्हा न वाचता आठवायला लावायची. दुसऱ्या दिवशी ग्लास बदलतो, यादीही बदलायलाच हवी. जुनीच यादी ठेवली तर गुण सरावानं वाढतात आणि श्रेय साखरेला जातं. एनर्जी ड्रिंक इथं चालत नाही, त्यातली तरतरी मुख्यतः कॅफीनची असते.

(दृश्य : मेंदूचं मॉडेल. हिप्पोकॅम्पसवर बोट.)

नव्या आठवणी पक्क्या व्हायला हा भाग लागतो. अशा चाचण्यांत तरुणांना ग्लुकोजचा फायदा कधी दिसतो, कधी नाही. दिसला तर बहुधा शब्द आठवण्यात, तोही थोड्या वेळापुरता. रोजच्या गोडाची गोष्ट वेगळी. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठानं २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या निरोगी, सडपातळ तरुणांना आठवडाभर वॅफल आणि फास्ट फूड जास्त खायला दिलं, तर हिप्पोकॅम्पसशी जोडलेल्या चाचण्यांत ते मागं पडले. त्या खाण्यात चरबीही होती, त्यामुळे सगळा दोष साखरेच्या माथी मारता येत नाही. दात, वजन, डायबेटीस हे धोके आहेतच.

(दृश्य : मेस. ताटात सुशीला म्हणजे फोडणीचे मुरमुरे, शेंगदाणे, भाकरी.)

मेंदूला ग्लुकोज लागतं, ते या ताटातूनही मिळतं. नीटचा पेपर दुपारी दोनला, गेट दीडला बंद. त्या दिवशी नेहमीचंच जेवा, केंद्रावर निघायच्या आधी. कधी न प्यायलेलं एनर्जी ड्रिंक त्या दिवशी पहिल्यांदा पिऊन बघू नका.