डाउनलोड झालं, आता नाव द्या

श्रोतेहो, नमस्कार.

इंटरनेटवरून एखादी फाइल उतरवून घेताना पडद्यावरची पट्टी भरत जाते, शंभर टक्के होतात आणि काम झालं असं समजून आपण पुढे जातो. माझं म्हणणं असं, की तेव्हा अजून अर्ध्या मिनिटाचं काम बाकी असतं, आणि पुढे ढकललं की नेमकं तेच राहून जातं. ते काम म्हणजे फाइलला नाव देणं. ती काय आहे, कुठून आणली, कशाला हवी होती, हे त्या घटकेला आपल्याला पक्कं ठाऊक असतं. सहा महिन्यांनी तेच कळायला फाइल उघडून वाचावी लागते. अशा फायली शेकड्यांनी साठल्या, तर वाचत कोण बसणार?

आपलं डाउनलोड्स फोल्डर उघडून पाहा. 'डॉक्युमेंट डॉट पीडीएफ' दिसेल. त्याखाली तेच नाव, पुढे कंसात एक. त्याखाली कंसात दोन. हा आकडा ब्राउझर घालतो. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल, तर ती पुसली जाऊ नये म्हणून. आता सांगा, ही एकच फाइल तीनदा उतरवलेली आहे, की तीन निरनिराळ्या महिन्यांच्या पावत्या आहेत? नावावरून काहीच कळत नाही. म्हणून कंसात आकडा दिसला की नक्कल समजून पुसू नका. फाइलचा आकार किती बाइट आहे ते पाहा, उघडून बघा, मगच ठरवा.

नाव कसं द्यावं? समजा, विम्याच्या हप्त्याची पावती आहे. आधी तारीख लिहा, आणि तीही वर्षापासून: २०२४, आडवी रेघ, ०६, आडवी रेघ, १८. मग 'विमा हप्ता पावती'. वर्ष पुढे घेण्याचं कारण साधं आहे. संगणक नावं डावीकडून अक्षर-अक्षर पाहून लावतो. दिवस आधी लिहिला तर पाच मार्च आणि पाच डिसेंबर शेजारी येतात. वर्ष आधी असेल तर सगळ्या पावत्या आपोआप काळाच्या क्रमाने उभ्या राहतात. तारीख लिहिण्याची ही रीत आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे, आणि ते १९८८ पासून आहे. मात्र तिरकी रेघ वापरू नका. विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारा ही चिन्हं चालतच नाहीत.

नाव मराठीत दिलं तर चालतं का? खुशाल द्या. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, अंक एकाच लिपीतले ठेवा. काही फायलींवर देवनागरी आणि काहींवर इंग्रजी अंक असले, तर क्रमवारीत त्यांचे दोन वेगळे गट पडू शकतात. दुसरं, नाव आटोपशीर असू द्या. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीत फायली साठवण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलंत, सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं.

नावाच्या शेवटी येणारं एक्सटेन्शन, म्हणजे डॉट पीडीएफ, डॉट जेपीजी, याला मात्र हात लावू नका. पण ते दिसलंच पाहिजे. विंडोज ओळखीची एक्सटेन्शन्स मुळातच लपवून ठेवतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला. त्याच्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू', डॉट टीएक्सटी, डॉट व्हीबीएस असं होतं. शेवटचं व्हीबीएस, म्हणजे ही प्रोग्रामची फाइल आहे ही खूण, लपलेलं. त्यामुळे लोकांना दिसलं फक्त टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. साधं पत्र समजून त्यांनी ते उघडलं, आणि प्रोग्राम चालू झाला. ही युक्ती आजही वापरली जाते. विंडोज ११ मध्ये फोल्डरच्या व्ह्यू मेनूत, शो खाली, 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' असा पर्याय आहे. तो आजच चालू करा. पीडीएफ म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई दिसलं, तर तो प्रोग्राम असतो, ती उघडायची नाही.

आता, फाइल कुठून आणली याची नोंद. पुन्हा हवी झाली तर परत उतरवू, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती! ब्राउझरच्या डाउनलोड यादीवरही विसंबू नका, हिस्ट्री साफ केली की तीही जाऊ शकते. महत्त्वाच्या फाइलचा पत्ता त्याच फोल्डरमध्ये एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून ठेवा.

फोल्डरांचा फार पसारा नको, असं माझं मत आहे. नाव नीट असेल तर शोध घेतल्यावर फाइल सापडतेच. कामाची, घरची, वाचायची अशी चार-पाच फोल्डरं पुरतात. पण कायम ठेवायची फाइल डाउनलोड्समध्ये राहू देऊ नका. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये डिस्क क्लीनअपच्या, म्हणजे नको असलेल्या फायली पुसून जागा मोकळी करणाऱ्या सोयीच्या, यादीत हे फोल्डरही आलं होतं, आणि सगळ्या चौकटींवर खूण करायची सवय असलेल्यांना ते महागात पडण्यासारखं होतं. पुढे ते यादीतून काढलं गेलं.

आणि आधीच साठलेला ढीग? तो एकेक करून आवरायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. 'जुनं' नावाचं फोल्डर करा आणि सगळं त्यात सरकवा. मग ते आकारमानानुसार लावा. वर बहुधा प्रोग्रामच्या सेटअप फायली आणि उलगडून झालेल्या झिप फायली दिसतील. प्रोग्राम बसवून झाला असेल, तर सेटअप पुसल्याने सहसा काही बिघडत नाही. डॉट सीआरडाउनलोड किंवा डॉट पार्ट असा शेवट असलेल्या फायली अर्धवट उतरलेल्या असतात. डाउनलोड चालू नसेल तर त्याही काढा. उरलेल्यांपैकी जी लागेल, ती शोधून काढली की तिथल्या तिथे नाव देऊन योग्य फोल्डरमध्ये हलवा.

ज्या फायली गमावून चालणार नाहीत, त्यांची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. पेन ड्राइव्हवर जागा असूनही मोठी फाइल जात नसेल, तर तो बहुधा फॅट-३२ या फायली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा असतो. त्यावर चार जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केल्यावर ही अडचण जाते, पण फॉरमॅट करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं. तेव्हा आधी ते दुसरीकडे उतरवून घ्या.

नमस्कार.