पेन कोव्हची जाळी

(दृश्य : फेरीच्या डेकवरून व्हिडबी बेट. मागे मुकिल्टिओचा धक्का.)

मुकिल्टिओहून सुटलेली फेरी वीसेक मिनिटांत व्हिडबी बेटाला लागते. सिएटलच्या माणसाला हे अंतर म्हणजे रविवारची सहल. गाड्या क्लिंटनला उतरतात आणि रांगेनं कूपव्हिलच्या रस्त्याला लागतात. गाव जुनं, लाकडी घरांचं. धक्क्याच्या टोकाला लाल इमारत, तिच्या छताला टांगलेला करड्या देवमाशाचा सांगाडा, आणि बाहेर आइस्क्रीम खाणारी मुलं.

ही खाडी म्हणजे पेन कोव्ह. पाण्यावर ते तराफे दिसतायत ना, ती शिंपल्यांची शेती. इथल्या काळ्या शिंपल्यांना लांबलांबून मागणी असते. १९७० साली हे तराफे नव्हते. त्या वर्षी ८ ऑगस्टला इथे जाळी लागली होती.

(दृश्य : जुने फोटो. पहिल्यावर जरा जास्त थांबायचं.)

हे फोटो वॉली फंक यांचे. बेटावरच्या वर्तमानपत्राचे ते एक मालक, आणि फोटोही तेच काढायचे. पाण्यात जे काळे, टोकदार दिसतंय ते ओर्कांच्या पाठीवरचे पर.

ओर्का म्हणजे आपण ज्याला किलर व्हेल म्हणतो तो. जातीनं मात्र डॉल्फिनच, डॉल्फिनांतला सगळ्यात मोठा. या किनाऱ्याचे ओर्का सामन मासा खातात. त्यांच्यात घर आईचं. मुलगा वाढून बाप झाला तरी आईचा कळप सोडत नाही, आणि प्रत्येक कळपाची आपली बोली असते. हे सगळं शास्त्रज्ञांना कळलं नंतर. १९७० साली धंदेवाल्यांना कळलेलं एवढंच होतं, की या जनावराला गिऱ्हाईक आहे.

गिऱ्हाईक तयार केलं टेड ग्रिफिननं. सिएटलच्या धक्क्यावर त्याचं मत्स्यालय होतं. १९६५ साली ब्रिटिश कोलंबियातल्या कोळ्यांच्या जाळ्यात एक नर ओर्का अडकला. ग्रिफिननं तो ८,००० डॉलर्सना विकत घेतला, तरंगत्या पिंजऱ्यात घालून सिएटलपर्यंत ओढत आणला आणि त्याचं नाव ठेवलं नामू. ग्रिफिन त्याच्याबरोबर पाण्यात उतरायचा, त्याच्या पाठीवर बसायचा. तोवर ज्याला लोक दिसताक्षणी गोळी घालायचे, त्याला बघायला तेच लोक पोराबाळांना घेऊन रांगेत उभे राहिले. नामू जेमतेम वर्षभर जगला. पण तेवढ्यात इतर मत्स्यालयांच्या मागण्या येऊ लागल्या होत्या, आणि ग्रिफिननं डॉन गोल्ड्सबेरी या जोडीदाराला घेऊन ओर्का पकडून विकायचा धंदा मांडला.

(दृश्य : जुनी फिल्म. होड्या, पांढरा फेस.)

पद्धत अशी होती. वर विमान, खाली वेगवान होड्या. विमानातून कळप दिसला की होड्या मागे लागणार आणि पाण्यात छोटी स्फोटकं टाकणार. ओर्का जगतो तो कानावर. स्फोटापासून तो लांब पळतो, म्हणजे होडीवाल्याला हवा त्याच दिशेला पळतो.

जॉन क्रो हा त्या मोहिमेतला पाणबुड्या. म्हातारपणी त्यानं कॅमेऱ्यासमोर सांगितलंय, की त्या दिवशी कळपानंही डाव टाकला होता. पिल्लं नसलेले मोठे ओर्का एका बाजूला निघाले. होड्या त्यांच्या मागे. तेवढ्यात आया पिल्लांना घेऊन पाण्याखालून दुसऱ्या दिशेला सटकल्या. पण श्वासासाठी वर यावंच लागतं. त्या वर आल्या, आणि विमानातल्या माणसाला दिसल्या.

पुढचं, मालवणच्या किनाऱ्यावर ज्यानं रापण ओढताना पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको. जाळं लांबून फिरवत आणायचं, तोंड बंद करायचं, मग घेर आवळत न्यायचा. रापणीत येईल ते घेतात. इथे मात्र निवड होती, आणि निवडीला साधा हिशेब होता: लांबच्या गिऱ्हाइकाकडे पाठवायचं तर वजन कमी हवं. म्हणून पिल्लं. मोठ्या ओर्कांना जाळ्यानंच बाजूला काढलं. पाणबुडे पिल्लांभोवती दोर टाकत, झोळीत घेत आणि झोळी क्रेननं उचलून ट्रकवर ठेवत.

(दृश्य : झोळीतलं पिल्लू वर उचललं जातंय. पूर्ण शॉट, कापायचा नाही. निवेदन बंद, फिल्मचा मूळ आवाज.)

सात पिल्लं गेली. त्यांतली एक साधारण चार वर्षांची मादी. तिचं नाव टोकिटाए. ती मायामीला पोचली आणि तिकिटावर तिचं नाव लोलिता झालं. जाळ्याबाहेरचे ओर्का बराच काळ तिथून हललेच नाहीत.

इथपर्यंतचं दाखवता येतं, कारण पकडणाऱ्यांनीच कॅमेऱ्याला अडवलं नव्हतं. पकड म्हणजे जाहिरात होती. पण जाळ्यात गुरफटून काही ओर्का बुडाले, चार पिल्लं आणि एक मोठा. त्यांचं काय केलं, ते मात्र कॅमेऱ्यापुढे झालं नाही. पोटं चिरली, आत दगड भरले, शेपटीला नांगर बांधले आणि तळाला सोडले. हे काम करणाऱ्यांत क्रो होता. नोव्हेंबरमध्ये त्यांतले तीन देह बेटाच्या किनाऱ्याला लागले, आणि लोक चिडले.

(दृश्य : लाइम किल्नचं दीपगृह. लाटा. लांबवर एक पर, पुन्हा पाणी.)

क्रोची ती मुलाखत ज्यांना आठवते त्यांना ती 'ब्लॅकफिश'मधून आठवते. २०१३ चा माहितीपट, दिग्दर्शिका गॅब्रिएला काउपर्थवेट. त्याचा नायक टिलिकम, तीन माणसांच्या मृत्यूशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो नर ओर्का. पेन कोव्हची ही फिल्म जगभर गेली ती त्या चित्रपटाबरोबर.

आम्ही कुणाच्या बाजूनं बोलतोय हे एव्हाना कळलंच असेल. तरीही त्या चित्रपटाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तो बघून आलेल्या कुणालाही विचारा, टिलिकम कुठला? निम्मे लोक इथलाच म्हणतील. टिलिकम इथला नव्हता. त्याला पकडलं १९८३ च्या नोव्हेंबरात, आइसलँडच्या पाण्यात, तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता. चित्रपट हे लपवत नाही, स्पष्ट सांगतो. पण पडद्यावर आधी पेन कोव्ह येऊन गेलेलं असतं, रडणारा क्रो येऊन गेलेला असतो. डोळ्यांनी एकदा घेतलेलं कानानं पुसलं जात नाही. चाळीस वर्षांपूर्वीची पकड आता कशाला दाखवता, असा आक्षेप सीवर्ल्डनंही घेतला, म्हणजे ओर्कांचे खेळ करणाऱ्या, टिलिकम ज्यांच्याकडे होता त्या अमेरिकी पार्क-कंपनीनं. चित्रपटासाठी मुलाखत द्यायला मात्र सीवर्ल्डनं नकार दिला होता. ज्याला आपली बाजू मांडायची संधी होती आणि जो गप्प बसला, त्यानं संकलनाबद्दल तक्रार करावी, हे आम्हाला फारसं पटत नाही.

(दृश्य : न्यायालयीन पुराव्यातलं चित्रण. वरच्या कोपऱ्यात "सॅन दिएगो, २००६".)

हे दुसरं चित्रण. २९ नोव्हेंबर २००६. केन पीटर्स हा सीवर्ल्डचा मुरलेला प्रशिक्षक, आणि कसात्का ही मादी. खेळ चालू असताना ती त्याचं पाऊल तोंडात धरते आणि त्याला खाली नेते. त्याच्या हाताकडे बघा. तो झटापट करत नाही. वर आल्यावर श्वास घेतो, तिच्या पाठीवर हात फिरवतो, पुन्हा खाली जातो. शेवटी सुटतो, मध्ये टाकलेल्या जाळ्यावरून पलीकडे जातो. उठून पळायला बघतो आणि कोसळतो.

हे कुणी लपूनछपून काढलेलं नाही. पार्कच्याच कॅमेऱ्यानं काढलेलं आहे. प्रशिक्षकांच्या सुरक्षेचं प्रकरण सुनावणीला आलं नसतं, तर ते पार्कच्या कपाटात राहिलं असतं. कैदेवरच्या माहितीपटांचं हे असंच असतं. सगळ्यात जोरदार दृश्यं कैदेत ठेवणाऱ्याच्याच कॅमेऱ्यातली.

आणि काही दृश्यं असतात, पण दाखवायची नसतात. २४ फेब्रुवारी २०१० ला सीवर्ल्डच्या ओरलँडोतल्या पार्कमध्ये प्रशिक्षिका डॉन ब्रँशो यांना टिलिकमनं पाण्यात ओढलं. त्या घटनेचं चित्रण होतं. ते प्रसिद्ध होऊ नये म्हणून त्यांचे कुटुंबीय न्यायालयात गेले. 'ब्लॅकफिश'मध्ये त्या दिवशीचं चित्रण आहे, पण हल्ल्याआधीपर्यंतचं, प्रेक्षकानं टिपलेलं. मृत्यू नाही. आमच्यातही नाही, आणि हाती लागला असता तरी घातला नसता. पुढे कुटुंबानं जाहीरपणे सांगितलं, की तो चित्रपट ही डॉनची गोष्ट नाही. ज्या बाईच्या मरणावर सगळी मांडणी उभी आहे, तिच्या घरच्यांचं हे म्हणणं. बाजू बरोबर असली तरी ते ऐकून घ्यावंच लागतं.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. बोट वर सरकवतंय. चेहरे पुसट केलेले.)

न दाखवलेल्या जागा रिकाम्या राहत नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक क्लिप फिरली. प्रशिक्षिका जेसिका रॅडक्लिफ, खेळ चालू असताना ओर्कानं मारली. पाणी उसळतं, लोक किंचाळतात. भारतातही ती लाखो फोनांवर गेली. तुमच्याही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर आली असेल. या नावाची प्रशिक्षिका नाही. क्लिपमध्ये सांगितलेला पार्कही नाही. चित्र आणि आवाज एआयनं बनवलेले.

खोटी गोष्ट इतक्या सहज खपली ती तिच्या आसपास खऱ्या गोष्टी होत्या म्हणून. लोकांनी डॉन ब्रँशोबद्दल अर्धवट ऐकलेलं होतं. २०१३ पासून ओर्का, पार्क, प्रशिक्षिका, रक्त हा साचा डोक्यात बसलेला होता, आणि त्यातला जो क्षण सभ्य माणसांनी पडद्यावर आणला नाही तोच कुणीतरी बनवून विकला. क्लिप पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी केल्टी बर्नचं नाव ऐकलं असेल?

(दृश्य : ओक बे मरीना, व्हिक्टोरिया. शिडाच्या होड्या, दोर.)

केल्टी बर्न वीस वर्षांची होती. ही जागा कॅनडातली, व्हिक्टोरिया शहराच्या कडेला, ओक बे. आज इथे होड्यांचा तळ आहे. तेव्हा इथे सीलँड ऑफ द पॅसिफिक होतं, समुद्रातच जाळं लावून केलेलं तळं. हैदा, नूटका या दोन ओर्का माद्या आणि त्यांच्याबरोबर टिलिकम. केल्टी कॉलेज करत अर्धवेळ काम करायची. २० फेब्रुवारी १९९१ ला तिचा पाय घसरला आणि ती पाण्यात पडली. ती वर येऊ शकली नाही.

प्रेक्षकांना दिसायचा तो दिवसाचा खेळ. रात्री जाळं कापून कुणी ओर्कांना सोडून देईल या भीतीनं तिघांना एका अरुंद, अंधाऱ्या पत्र्याच्या कोठीत घालायचे. सकाळी टिलिकमच्या अंगावर दातांचे ओरखडे असायचे. हे तिथं काम केलेल्यांनी सांगितलेलं. त्या कोठीच्या आतल्या रात्रीचं चित्रण नाही. आम्ही होड्या दाखवतोय त्या म्हणूनच. दुसरं दाखवायला काही नाही.

सीलँड बंद झालं. १९९२ च्या जानेवारीत टिलिकम ओरलँडोला गेला. त्याच्यापासून २१ पिल्लं झाली. जानेवारी २०१७ मध्ये तो मेला.

(दृश्य : भराभर. बातम्यांची कात्रणं, बंद फाटक, मोर्चा.)

१९७६ मध्ये ऑलिंपियाजवळच्या पकडीनंतर वॉशिंग्टन राज्यात हा धंदा थांबला. मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डनं ओर्कांची पैदास बंद केली. २०१९ मध्ये कॅनडानं अशा कैदेविरुद्ध कायदा केला. मायामीत ८० फूट लांब, २० फूट खोल टाकीत आयुष्य काढलेल्या टोकिटाएला परत आणायचं ठरलं, पण त्याआधीच १८ ऑगस्ट २०२३ ला ती मेली. या पाण्यातले ओर्का आता पंचाहत्तरच्या आसपास उरलेत.

भारतानं मे २०१३ मध्येच डॉल्फिनच्या खेळांना परवानगी देऊ नये असं राज्यांना कळवलं. तेव्हा 'ब्लॅकफिश' आपल्याकडे कुणी पाहिलाही नव्हता. १९९८ साली चेन्नईजवळ बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले होते, तेवढा अनुभव पुरला असावा. त्याच सुमारास असा प्रकल्प आपल्या सिंधुदुर्गातही आणायचं घाटत होतं. झाला नाही ते बरं झालं.

(दृश्य : पुन्हा लाइम किल्न. यावेळी कळप, लांबून.)

हे शॉट तुम्हाला लांबचे वाटतील. लांबचेच आहेत. २०२५ पासून या ओर्कांच्या १,००० यार्डांच्या आत होडी नेता येत नाही, म्हणून कॅमेरा सगळा वेळ खडकावर. एक-दोन ठिकाणी चित्र हलतंय, ते वाऱ्यानं. जवळचे शॉट हवे असतील तर ते पार्कच्या जाहिरातींत भरपूर आहेत.

कॉर्की ही मादी १९६९ च्या डिसेंबरात ब्रिटिश कोलंबियातल्या पेंडर हार्बरजवळ पकडलेली. ती अजून सॅन दिएगोच्या टाकीत आहे, आणि खेळाचं तिकीट आजही मिळतं. तिचे नातलग उन्हाळ्यात जॉन्स्टन सामुद्रधुनीत येतात. तिथे पाण्याखाली लावलेल्या मायक्रोफोनवरून त्यांचा आवाज थेट ऐकता येतो. दुवा व्हिडिओखाली दिलाय.