मुका बॉक्स

(दृश्य: मार्केट यार्ड, सकाळ. पत्र्याच्या शेडखाली जुनी अल्टो, डिकी उघडी.)

ही अल्टो सांगलीच्या मार्केट यार्डात रोज सकाळी नऊला येऊन लागते. मालक हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. गाडी सेकंडहँड, डिकीतला बारा इंची स्पीकरही सेकंडहँड. नवा आहे तो फक्त स्पीकर बसवलेला बॉक्स. तोही कटपीसचा, म्हणजे उरलेल्या तुकड्यांचा.

आपल्याकडे बास म्हटला की मिरवणुकीतला डॉल्बी आठवतो. खिडक्या थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं. याला ते नको होतं. याला डग्गा ऐकायचा होता. दारातल्या छोट्या स्पीकरवर तबल्याची चाट नीट यायची, डग्ग्याचा घुमारा मात्र कुठंच नाही.

पहिल्या दिवशी त्यानं स्पीकर डिकीत तसाच उघडा ठेवून वाजवला. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, जोरजोरात हलत होता, पण बास नाही. कोन पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची ओढतो. 40 हर्ट्झची, म्हणजे बासच्या खालच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते, आणि अख्खी अल्टो साडेतीन मीटरचीही नाही. एवढी लांब लाट स्पीकरच्या कडेवरून सहज वळते आणि पुढचा दाब मागची पोकळी भरून टाकतो. दोघांमध्ये भिंत हवी. बॉक्स म्हणजे ती भिंत.

भिंत मात्र कितीही मोठी घालून चालत नाही. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला मागं ओढते. हवा कमी तर स्प्रिंग कडक, जास्त तर ढिली. हे गणित 1961 साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पुढं नेलं. म्हणून स्पीकरच्या माहितीपत्रकात त्या दोघांच्या नावाचे आकडे असतात. याच्या स्पीकरचे आकडे होते क्यूटीएस (कोन किती सैल घुमतो) 0.45 आणि व्हीएएस (कोनच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी लवचिक हवा) 50 लिटर. सुमारे 32 लिटरच्या बंद बॉक्समध्ये स्पीकर आणि बॉक्स मिळून तो घुमण्याचा आकडा 0.72 वर येतो. 0.7 च्या आसपास आलं की बास घट्ट, गुबगुबीत नाही. पाइप लावून भोकाचा बॉक्सही करता आला असता, आवाजही जास्त मिळाला असता. पण पाइपाची लांबी चुकली की सगळंच चुकतं, आणि पहिल्याच बॉक्सला ती जोखीम कशाला? शिवाय बंद गाडीत खालचे सूर आपोआप थोडे उचलले जातात.

(दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिलीचा नकाशा, खोडलेले आकडे.)

इथंच तो पहिल्यांदा फसला. बाहेरून 46 बाय 36 बाय 28 सेंटीमीटर, म्हणजे 46 लिटर. खूश झाला. मग लक्षात आलं, एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, 18 मिलिमीटरची आहे आणि ती प्रत्येक मापातून दोनदा वजा होते. आतून उरले साडेतेहतीस. जवळपास तेरा लिटर लाकडानंच खाल्ले! सुदैवानं स्पीकरच्या लोहचुंबकाची जागा सोडून हवे तेवढेच राहिले. बऱ्याच जणांचा बॉक्स इथं फसतो आणि शिव्या स्पीकरला पडतात.

कटपीस कुपवाडच्या एका फर्निचरवाल्याकडून आणले. निवडताना त्यानं प्रत्येक तुकड्याची कड नखानं दाबून पाहिली. 2019 च्या पुरात घरातलं एमडीएफचं कपाट पाण्यात होतं; कृष्णा उतरली तेव्हा त्याची दारं भिजलेल्या पावासारखी फुगली होती. तेव्हापासून फुगलेली कड त्याला लांबूनच दिसते.

गोल कापायला खिळा, दोरी आणि भाड्याचा जिगसॉ. एमडीएफच्या कडेत सरळ स्क्रू घातला तर पापुद्रे सुटतात, म्हणून आधी बारीक ड्रिल, मग फेविकॉल, मग स्क्रू. शिकंजा एकच होता. बाकीचं काम हळदीच्या पोत्यानं केलं. झाकणावर पिवळा डाग अजून आहे. आतले सांधे सिलिकॉननं बुजवले आणि त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर बसवला नाही. ती वाफ कोनच्या कडेच्या फोमला आणि गोंदाला मानवत नाही.

बॉक्स झाल्यावर तो थेट मिरजेला गेला.

(दृश्य: सतारमेकर गल्ली. दोरीला टांगलेले भोपळे.)

मिरजेत दीडशे वर्षांहून जास्त काळ सतारी आणि तंबोरे बनतात. भोपळा मंगळवेढ्याकडचा. 2024 साली या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. ओळखीच्या चाचांनी बॉक्स मांडीवर घेतला, भोपळ्यावर वाजवतात तशी बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावला.

"बोलत नाही रे हा."

"बोलायचंच नाही त्यानं, चाचा. बोलणार स्पीकर."

चाचा हसले. त्यांचं आयुष्य लाकूड बोलतं करण्यात गेलं. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, थोडी जाड राहिली तरी तंबोरा मुका होतो, म्हणून ते ती घासत राहतात. इथं उलटं. भिंत थरथरली तर ती स्वतःचा सूर मिसळते. चाचांनी बॉक्सच्या मोठ्या फळीच्या मधोमध पुन्हा टिचकी मारली. "इथं थोडा बोलतोय." खरंच बोलत होता. घरी येऊन त्यानं आत आडवी पट्टी ठोकली.

(दृश्य: अंधार. सांध्याजवळ धरलेली उदबत्ती.)

शेवटची परीक्षा उदबत्तीची. खालचा सूर सोडायचा आणि हवा कुठं गळते ते पाहायला धूर सांध्यावरून फिरवायचा. एका कोपऱ्यात धूर फुर्र फुर्र उडाला. तिथं पुन्हा सिलिकॉन, पुन्हा दोन दिवस थांबणं. अँपची, म्हणजे अँप्लिफायरची जाड वायर बॅटरीवरून ओढली आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच लावला. वायर कुठं घासली तर आग लागू नये म्हणून. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पैसे वाचवताना लोक नेमका हाच फ्यूज गाळतात.

(दृश्य: रात्र, विश्रामबागचा मोकळा रस्ता. गाडीत तबला.)

डग्गा आला. आणि त्याच्यासोबत मागून खडखड. नंबर प्लेट! सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून प्लेटमागं सरकवली, स्क्रू आवळले, ठेका पुन्हा लावला.

प्लेट गप्प. आता डावं दार वाजतंय.