बीपी आणि मोबाईल: मोजायला नाही, कळवायला

नमस्कार मंडळी. एक प्रश्न कमेंटमध्ये सारखा येतोय: "कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की बीपी सांगणारं ॲप आहे, ते घेऊ का?"

नका घेऊ. असलं तर आत्ता काढून टाका, मी थांबतो.

२०१४ मध्ये अमेरिकेत असंच एक ॲप आलं होतं, 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं. फोनची कड छातीच्या डाव्या बाजूला टेकवायची, उजव्या हाताचं बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, की आकडा हजर! वर्षभरात लाखाच्या वर लोकांनी पैसे मोजून घेतलं. मग तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ८५ जणांवर ते तपासून पाहिलं. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, त्यांच्यातल्या दर पाचपैकी जवळजवळ चौघांना ॲपने 'सगळं ठीक' असं सांगितलं होतं. पुढे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीवर फसव्या दाव्यांचा आरोप ठेवला आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन कंपनीला तसे दावे करायला मनाई झाली. त्यामुळे मोजायचं ते दंडाला पट्टा बांधणाऱ्या मशीननेच.

मग मोबाईलचं काम काय? त्यासाठी गाडी कुठे अडते ते आधी बघू.

मशीन घरात असतं. मुलाने पुण्याहून आणलेलं, नाहीतर मुलीने दुबईहून पाठवलेलं. बाबा रोज मोजतात. १५२, १४८, १५६. आकडे कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलेले. चार महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं, तेव्हा कॅलेंडर भिंतीवरच. दवाखान्यात एकदा पट्टा बांधतात, "थोडं जास्त आहे, जिना चढून आलात ना," आणि गोळी तीच, डोस तोच. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर काका लसूण सुचवतात, मामी शेवग्याचा पाला, आणि तिघं जण हात जोडतात. मोजणं जोरात चाललंय, पण त्या मोजण्याने एक गोळीसुद्धा इकडची तिकडे होत नाही.

मशीनवरचा आकडा आणि गोळीचा डोस यांच्यामध्ये जो वेळ जातो, तो कमी करायचा. मोबाईल लागतो तो इथे.

[स्क्रीनवर: इंग्लंड, २०१०]

हे नीट करून पाहिलं ते इंग्लंडमध्ये. प्रोफेसर रिचर्ड मॅकमॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पाचशेवर रुग्ण, गोळ्या चालू असूनही बीपी १४०/९० च्या वर. अर्ध्यांचे उपचार नेहमीसारखे चालू ठेवले. बाकीच्या अर्ध्यांना मशीन दिलं आणि शिकवलं: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी दोनदा मोजा. आकडे यंत्राला जोडलेल्या मोडेममधून आपोआप पाठवले जायचे. आकड्यांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग ठरलेले. आणि खरी गंमत पुढे आहे. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांबरोबर बसून आधीच ठरवून ठेवलं होतं की सलग दोन महिने बीपी वरच राहिलं, तर कोणती गोळी किती वाढवायची. तशी वेळ आली की पुन्हा अपॉइंटमेंट नाही, ठरल्याप्रमाणे नवी चिठ्ठी मागवायची.

वर्षाने नेहमीच्या उपचारवाल्यांचं वरचं बीपी सरासरी १२ ने उतरलं होतं, या लोकांचं साडेसतराने. म्हणजे पाचेक अंश जास्त. पाचाने काय होतं, असं वाटेल. तर अनेक औषध-चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०२१ मध्ये हिशोब मांडला गेला, तेव्हा वरचं बीपी पाचाने उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक असल्या मोठ्या आजारांचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होतो, असं दिसलं.

थांबा, लगेच मनाने गोळी वाढवायला घेऊ नका! त्यांची पायरी न् पायरी डॉक्टरांनी लिहून दिलेली होती.

२०१८ मध्ये याच मंडळींनी आणखी मोठा अभ्यास केला, जवळजवळ बाराशे लोकांवर. या वेळी गोळी डॉक्टरच बदलणार. एका गटाने आकडे कागदावर लिहून पाठवायचे, दुसऱ्याने साध्या एसएमएसने. वर्षाअखेरीस एसएमएसवाले १३६ वर, कागदवाले १३७ वर, आणि घरी न मोजणारे १४० वर. म्हणजे कागदसुद्धा चालतो! एसएमएसवाल्यांचं बीपी आधी उतरलं, एवढाच फरक. म्हणून 'प्रीमियम' ॲपला वर्षाचे पैसे भरायच्या आधी जरा विचार करा.

आणि नुसत्या आठवणीच्या अलार्मने? अमेरिकेत गोळीची आठवण करणाऱ्या एका ॲपचा ४११ जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. "गोळ्या वेळेवर घेतो," असं सांगणारे किंचित वाढले, बीपीत मात्र फरक नाही. केपटाऊनमध्ये वर्षभर एसएमएस पाठवून पाहिले, तिथे दोनेक अंशांचा फायदा दिसला. अलार्म लावा, त्याला माझी ना नाही. पण डोसच अपुरा असेल, तर अपुरा डोस वेळेवर घेऊन किती फरक पडणार?

[स्क्रीनवर: आपल्याकडे]

आता आपल्याकडे या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ वर्षांवरच्या २१ टक्के बायका आणि २४ टक्के पुरुषांचं बीपी वाढलेलं आहे किंवा ते त्यावर गोळ्या घेतायत. एवढ्यांचा हिशोब रजिस्टरात ठेवणं अवघडच. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा सरकारी उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्यात 'सिंपल' नावाचं ॲप वापरलं गेलं, आणि ते रुग्णाच्या नाही, नर्सच्या फोनवर असतं. रुग्णाकडे फक्त क्यूआर कोडचं कार्ड. ते स्कॅन करायचं, आजचं बीपी आणि औषध टाकायचं, रेंज नसली तरी चालतं. ज्यांची यायची तारीख उलटली त्यांची यादी ॲप काढून देतं आणि त्यांना फोन जातो. मला तर हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण रुग्णाला नवं काही शिकावंच लागत नाही.

खाजगी दवाखान्यात जात असाल तर एक नियम माहीत असू द्या. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याच्या, सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या. डॉक्टरांनी तुम्हाला त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेलं असेल, तर ते फोनवरून, अगदी व्हॉट्सॲपवरूनसुद्धा, गोळ्या चालू ठेवू शकतात आणि जोडीला दुसरी गोळीही देऊ शकतात. सूचनांमध्ये उदाहरणच बीपीचं आहे: ॲटेनोलॉल चालू आहे, बीपी आटोक्यात नाही, तर एनालाप्रिलसारखी गोळी जोडता येईल. अर्थात, द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवणार. पण पुढच्या भेटीत त्यांना सरळ विचारा: "आकडे कुठल्या नंबरवर पाठवू, कधी पाठवू, आणि कितीच्या वर गेलं तर तुम्ही गोळी बदलाल?"

आता पाठवायचं काय? २८ फोटो नकोत. आणि व्हॉइस नोट तर नकोच, ओपीडीत बसून ती कोण ऐकणार? एक आठवडा मोजा. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे गप्प, मोजतानाही! पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजताना १३५/८५ च्या वर म्हणजे जास्त, दवाखान्यातला १४०/९० चा आकडा इथे लावू नका.

मग एकच मेसेज.

[स्क्रीनवर मेसेज]

"वय ६२. ॲम्लोडिपिन ५, रोज सकाळी. सहा दिवसांची सरासरी १४७/८८, नाडी ७६. गुरुवारी गोळी चुकली. संध्याकाळी घोट्याला थोडी सूज येते."

शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात. चुकलेली गोळी लपवलीत तर डॉक्टर विनाकारण डोस वाढवतील. आणि घोट्याची सूज ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीमुळेच येऊ शकते, ती कळली तर कदाचित गोळीच बदलतील.

एक गोष्ट मात्र मेसेजवर सोडायची नाही. आकडा १८०/११० च्या वर गेला, बाकी काही त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेजारच्यांची गोळी नको, जिभेखाली गोळी फोडून घालणं तर अजिबात नको, त्याने बीपी एकदम कोसळून स्ट्रोक होऊ शकतो. आणि छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ लावा. निळ्या टिकची वाट बघत बसू नका.