जबड्याचा सांधा : गोळी आणि चाकूच्या मधला उपाय

कानाच्या पुढं दुखतं म्हणून माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडं जातो. त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण जबड्याचा सांधा कानाला खेटूनच आहे. आत्ता बसल्या जागी करंगळ्या कानात हलकेच घाला, पुढं दाबा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाला जे हलताना लागतंय, तो हा सांधा. तो अडला तर गोळ्या आणि ऑपरेशन यांच्या मधे एक उपाय आहे, सुया घालून सांधा धुण्याचा. पण तो कुणाला आणि कधी, ते आधी बघू.

खालच्या जबड्याचा गोल माथा, वर कवटीतली खोबण आणि मधे कूर्चेची पातळ चकती. तोंड उघडताना माथा आधी जागच्या जागी फिरतो, मग चकतीला घेऊन पुढं सरकतो. चकती पुढं निसटली, की माथा तिच्यावर चढताना 'कट्ट' वाजतं. कधी तो चढूच शकत नाही. दारात पायपुसणं अडकल्यावर दार जसं अर्ध्यात थांबतं, तसं तोंड थांबतं. एरवी ३५ ते ५० मिलिमीटर उघडणारं तोंड मग २५-३० वरच अडतं. घरच्या घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमधे जातात का बघा.

मात्र निपाणी-चिकोडीकडचा पेशंट 'तोंड उघडंना' म्हणत आला, की मी आधी गालाच्या आत बोट फिरवतो. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्याचा गाल आतून पांढरट आणि ताठ झालेला असतो, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. तिथं सांधा धडधाकट असतो. तो आजार वेगळा, कॅन्सरकडं नेणारा, आणि सांध्यात सुई घालून त्याला काडीचा उपयोग नाही.

खरोखर सांध्याचं दुखणं असेल तरी बहुतेकांना सुई लागतच नाही. काही आठवडे मऊ खायचं, म्हणजे भाकरी आमटीत कुस्करून. ऊस दातांनी सोलायचा नाही, गोकाकचा चिवट करदंट पाहुण्यांना द्यायचा. शेक, थोडे दिवस गोळ्या, रात्री दात खाणाऱ्याला झोपताना दातांवर घालायची प्लेट. आणि कोणी 'दात तासून जबडा जुळवून देतो' म्हणालं, तर सरळ उठून या. तासलेला दात परत येत नाही.

एवढ्यानं भागलं नाही, तोंड अडलेलंच राहिलं, तर सांधा धुवायचा. याला आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात. जबड्याच्या सर्जन दोरित नित्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मधे ही पद्धत मांडली. कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पेनानं रेघ ओढतात. त्या रेघेवर कानापासून १० मिलिमीटर पुढं आणि २ खाली पहिली खूण, २० पुढं आणि १० खाली दुसरी. जागा बधिर करून दोन सुया सांध्याच्या वरच्या कप्प्यात घालायच्या. एकीतून सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट नावाचं तसलंच द्रावण दाबानं आत सोडायचं, दुसरीतून ते बाहेर पडतं. साधारण १०० मिली किंवा जास्त. दाबानं चिकटलेलं सुटतं, सूज आणणारी रसायनं धुऊन निघतात. मग डॉक्टर जबडा हातानं हलवून मोकळा करतात. टाका नाही. भूल पसरल्यामुळं काही तास भुवई उचलत नाही, तेव्हा घरच्यांनी 'लकवा मारला' म्हणून घाबरू नये.

याच्या पुढची पायरी दुर्बिणीची. जपानच्या मसातोशी ओनिशी यांनी १९७० च्या दशकात जवळपास २ मिलिमीटर जाडीची दुर्बीण या सांध्यात नेली. आतलं डोळ्यांनी दिसतं, चिकटलेलं सोडवता येतं. पण लहानपणी हनुवटीवर पडून ज्याचा सांधा हाडानंच जुळून गेलाय, त्याला मात्र उघडं ऑपरेशनच लागतं.

एकदा एका मावशींनी विचारलं, धुतल्यावर चकती जागेवर येते का? पुष्कळदा येत नाही! नंतर एमआरआय काढला तर ती तिथंच पुढं दिसते, आणि माणूस मात्र पोटभर जेवत असतो. आवाजही राहू शकतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर त्या 'कट्ट'साठी कुणाकडूनही काही करून घेऊ नका. जबड्याचा व्यायाम मात्र सांगितलाय तितके आठवडे करायचा. तो सोडला, की तोंड हळूहळू पुन्हा आखडायला लागतं.